तात्यांनी तोडलेली झाडं

"ओ पाव्हणं! गळालेलं असलं म्हणून काय झालं? बाग आमची हाय!"

मी ओरडले तशी पपईच्या झाडाखाली उकिडवा बसलेला तो माणूस दचकून उठला. उठताना त्याची टोपी पानाच्या देठाला अडकली आणि तिथेच लोंबकळत राहिली. बोडक्या डोक्यानं, हातात एक गळालेलं फूल घेऊन तो माझ्याकडे बघत उभा. चोर असता तर पळाला असता. हा बघतच राहिला… आणि मीही जरुरीपेक्षा जरा जास्तच बघितलं. सांगायला माझं काय जातंय?

"सायकल पंक्चर झाली," तो म्हणाला. "पाणी मागायला आलो होतो."

"पाणी विहिरीत असतंय. झाडाखाली नाय."

"हो, पण ही फुलं बघितली आणि तहान विसरलो."

मार्गशीर्षातली सकाळ होती. मखमलाबादच्या शिवारात धुकं अजून विरलं नव्हतं, पपईच्या पानांवरून दव टपटप गळत होतं, आणि दवाबरोबर फुलंही. रोज सकाळी मी ती झाडून ढीग करायची. एकाही झाडावर बोराएवढं फळ धरलं नव्हतं.

तोवर मोट थांबवून तात्या आले. तात्या म्हणजे माझे वडील, बहिरूतात्या. द्राक्षांत हयात गेलेली. त्या साली पहिल्यांदाच त्यांनी अर्ध्या बागेत पपई लावली होती. पाहुण्यानं टोपी काढून घेतली, नाव सांगितलं. पुंजाराम विधाते. मूळचा निफाडकडचा, आमच्याच माळी समाजातला, पुण्याला शेतकी कॉलेजात शिकून आता शेतकी खात्यात. सायकलवर गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा आणि शेतकऱ्यांनी तो ऐकायचा नाही, अशी नोकरी.

"तात्या, बागेत नर झाडं कुठं आहेत?"

"नर? ती लांब दांड्याच्या फुलांची? वांझोटी निघाली सगळी. नुसती फुलतात, फळ एक धरत नाय. तोडून टाकली की!" तात्यांनी हे असं सांगितलं, जणू बक्षीसच मिळणार होतं.

पुंजारामानं डोळे मिटून घेतले. मला हसू आलं, आणि लगेच गेलंही.

कारण ती झाडं तोडली त्या दिवशी मी तिथेच होते. फुलांना काय गोड वास होता! कुऱ्हाड चालत होती आणि तात्या म्हणत होते, वांझोटी, वांझोटी. माझ्या बापाच्या मनात माझ्याबद्दल तसलं काही नव्हतं, पण तो शब्द माझ्या ओळखीचा होता. चांदवडला चार वर्षं नांदले, मूल झालं नाही, तेव्हा पंचांसमोर गवताची काडी मोडून नवऱ्यानं मला परत पाठवलं होतं. काडी मोडली की बायको सुटली. त्यानं लगेच दुसरी केली. तिलाही काही झालं नाही, तर म्हणे चिमणाचा तळतळाट लागला. माझ्या तळतळाटात एवढी ताकद असती तर मी आधी त्याच्या मिशा झडवल्या असत्या.

आता नवसाआत्यानं दिंडोरीचं एक स्थळ आणलं होतं. बिजवर, घरात त्याची पोरं. "त्याला तुझं वांझपण चालतंय," आत्या म्हणाली होती, आणि वर मी खूश व्हावं अशी तिची अपेक्षा. संक्रांतीनंतर उत्तर द्यायचं होतं. जायचं मनात नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

दोन दिवसांनी पुंजाराम परत आला. सायकलच्या दांडीला ओल्या फडक्यात बांधलेली नर फुलं. गंगापूरच्या पलीकडून कुणाच्या तरी बागेतून, भल्या पहाटे निघून आणलेली. तात्या मोटेवर होते, म्हणून फडकं माझ्या हातात आलं. सोडलं मात्र, आणि तोच गोड वास…

"हे भिंग धरा," तो म्हणाला. "पिवळी पूड दिसते? ते पराग. नराचं बीज म्हणा. ते या मादी फुलाच्या तोंडावर बसलं की त्याला बारीक नळी फुटते. ती फुलाच्या पोटात उतरते. तिथे अंडी असतात. बीज त्यांना मिळालं की फळ धरतं."

"आणि नाय मिळालं तर?"

"तर फूल वाट बघतं… आणि गळतं."

"म्हणजे झाड चांगलं हाय?"

"अगदी चांगलं. झाड तर तयारच होतं."

मी भिंग खाली केलं. मला, चिमणाला, विचारायची लाज कधी वाटली नाही, आणि तेव्हाही नाही वाटली.

"अन् बाईचं?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी समोरच्या झाडाच्या खोडाशी बोलायला सुरुवात केली. "सगळीकडे… तेच आहे. मासोळी असो, कोंबडी असो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. बाईच्याही पोटात अंडं तयार होतं. महिन्याला एक. पुरुषाचं बीज त्याला मिळालं तर गर्भ राहतो."

"खोडाला समजलं. आता माझ्याकडं बघून सांगा. पुरुषाच्या बीजात दम नसला तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तर नाही राहत. बाई कितीही चांगली असली तरी. दोष दोघांपैकी कुणातही असू शकतो. पण तपासायला बाईलाच नेतात… तेही नेलं तर."

"आमच्याकडं म्हैस गाभण राहिली नाय, तर रेडा बदलत्यात," मी म्हणाले. "माणसांत मात्र म्हशीलाच दावं सोडून हाकलून देत्यात!"

तो मोठ्यानं हसला. मग माझे डोळे बघून थांबला, आणि फुलांचा एक घोस माझ्या हातात दिला. आम्ही झाडाझाडापाशी जाऊन उमललेल्या मादी फुलांवर ती पिवळी पूड झटकत राहिलो. मी रडत होते आणि काम करत होते. त्यानं रडू नका असं एकदाही म्हटलं नाही, याबद्दल तो मला फार आवडला.

फळं धरली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, खोडाला घट्ट चिकटलेली. तात्या एकेका फळाला हात लावून बघत आणि पुटपुटत, "मीच तोडली की रं झाडं… मीच." दिंडोरीच्या स्थळाला मी संक्रांतीआधीच नकार दिला. नवसाआत्याला स्वच्छ सांगितलं, "वांझ म्हणून पत्करणारा मला नको." आत्या फणकारून गेली.

पुंजारामाची सायकल मात्र येतच राहिली.

"साहेब, आज कोणता रोग बघायला आलात?"

"झाडं ठणठणीत आहेत."

"मग?"

"मलाच काहीतरी झालंय."

"जीभ बघू!" मी म्हणाले. आणि त्या शिकलेल्या, पगारी माणसानं खरंच जीभ काढून दाखवली. असल्या माणसावर जीव जडला नाही तर काय करायचं? रानात त्याच्या सायकलची घंटी वाजली की माझ्या हातातलं खुरपं आपोआप थांबायचं.

संक्रांतीला त्यानं तिळगूळ दिला. बोटाला बोट लागलं… जरा जास्तच वेळ. मी म्हणाले, "तात्यांना विचारायचा मुहूर्त शेतकी खातं काढणार, का मीच काढू?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो विहिरीच्या कट्ट्यावर खाली बसला.

"चिमणाबाई, सोळाव्या वर्षी मला गालगुंडं झाली होती. ती नुसती गालावर राहिली नाहीत, खाली उतरून बीजावर गेली. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. मूल होण्याची आशा धरू नका म्हणाले. तुम्हाला होईल, असं मला वाटतं. पण माझ्यापासून नाही. मी धुळ्याला बदली मागून घेतली आहे. तुम्ही… चांगला माणूस बघा."

"अन् हे आज सांगताय?"

"रोज सांगणार होतो. सायकलवर पाठ करत यायचो. मग तुम्ही काहीतरी बोलायचात, आणि मला हसू यायचं."

मी ताडकन उठून घरात गेले. खोटं कशाला सांगू, मला मूल हवं होतं. आपल्यालाही होऊ शकतं, हे आत्ता कुठे कळलं होतं. मनातल्या मनात मी त्या लेकराला नावही देऊन बसले होते. त्या नावासाठी मी पोटभर रडले. मग बाजरी दळायला बसले. जातं ओढता ओढता एखादं लेकरू, दुसरा नवरा, दुसरं घर डोळ्यांपुढे आणून बघितलं. लेकरू दिसायचं. नवऱ्याच्या जागी प्रत्येक वेळी तोच बोडक्या डोक्याचा माणूस उभा राहायचा, हातात गळालेलं फूल घेऊन. दळण संपलं तेव्हा माझं ठरलं होतं.

धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी तो तात्यांचा निरोप घ्यायला आला. मी ओसरीवर आले आणि तात्यांच्या देखत बोलले.

"एकानं मला पोर होत नाय म्हणून सोडलं. तुम्ही मला पोर व्हावं म्हणून सोडताय. मला विचारलं कुणी? त्यानं नाय, तुम्हीपण नाय."

तात्यांना सगळं सांगावं लागलं, मीच सांगितलं. ते पागोट्याचं टोक चाळवू लागले.

"पोरी, नीट बघ. उद्या पाळणा हलला नाय तर लोक ह्याला बोलणार नाईत. म्हणतील, ही आधीचीच वांझ. जन्मभर तुलाच ऐकायला लागंल."

"ऐकंन. मला खरं काय ते म्हाईत हाय, तेवढं पुरं."

"मला पुरणार नाही," पुंजाराम एकदम म्हणाला. त्याला तेव्हा काय म्हणायचं होतं, ते आम्हाला पाटाच्या दिवशी कळलं.

काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तो आमच्याकडे रात्री लावतात, गुपचूप, सवाष्णींनी तोंड बघू नये म्हणून. मी सांगितलं, मी चोरी केलेली नाही, दिवसा लावणार. तात्यांनी मान डोलावली. मग भर दुपारी, बागेतच मांडव पडला. गाव बघायला लोटलं, कारण असलं आधी कुणी बघितलं नव्हतं. आणि बायकांच्या घोळक्यातून नवसाआत्याचा आवाज आला, मुद्दाम ऐकू येईल असा, "चांगला शिकलेला पोरगा… अन् पदरात घेतली वांझ!"

मी मान वर करणार, तेवढ्यात पुंजाराम पाटावरून उठला. टोपी सरळ केली.

"मंडळी," तो म्हणाला, "मूल मला होणार नाही. डॉक्टरांनी मला तपासून सांगितलंय. हे माहीत असून ही माझ्याशी लग्न करते आहे. इथून पुढे कुणाला काही विचारायचं असेल, तर हिला नाही, मला विचारायचं."

मिशीवाले पुरुष खाली बघायला लागले. भरल्या गावात कुणा पुरुषानं असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, तात्यांनीही नव्हतं. पुंजारामाचे कान पुन्हा लाल झाले होते, तरी तो उभा होता.

"बसा आता," मी हळूच म्हणाले, "अक्षता टाकायच्यात अजून." आणि ब्राह्मणानं सांगायच्या आधीच, सगळ्यांच्या देखत, मी त्याचा हात धरला.