डावीकडच्या सीटवरून

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्यांची टक्कर लावत होते. नुसती टक्कर नाही, तोंडानं आवाजही काढत होते. घुर्रर्र… धाड!

“लागलं का कुणाला?” दारातून कुणीतरी विचारलं.

मी वर पाहिलं. डावा हात प्लास्टरमध्ये, केस वाऱ्यानं विस्कटलेले आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मेले!

“हे… हे आमचं काम आहे,” मी शक्य तितक्या रुबाबात म्हणाले.

“अरे वा! एखादी जागा रिकामी आहे का मग?”

पण खरंच ते काम होतं. परदेशात आपल्या गाडीला अपघात झाला की इथली विमा कंपनी, तिथली विमा कंपनी, इथले नियम, तिथले नियम असा जो गुंता होतो, तो सोडवायला मी इथल्या विमा कंपनीच्या ऑफिसात बसते. मला कागद वाचून काही म्हणता काही दिसत नाही. भाच्याच्या खोक्यातून ढापलेल्या दोन गाड्या टेबलावर ठेवल्या की मग कळतं कोण कुठून आलं.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. “लोकांची नजर नीट करतो,” असं म्हणाला आणि कसनुसा हसला. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

गाडी त्याचे बाबा चालवत होते. सीमेपलीकडे, पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरच्या गाडीवर आदळली. तिकडच्या कंपनीनं सरळ लिहून टाकलं होतं, की पूर्ण दोष तुमच्या ड्रायव्हरचा. कारण? बाबांनी खाली उतरून त्या माणसाला म्हटलं होतं, “माफ करा, चूक माझी.”

“अहो, असं कुणी म्हणतं का?” मी कपाळावर हात मारला. “अपघाताच्या जागी चूक कबूल करू नका, असं आम्ही पॉलिसीवर छापून देतो.”

“त्या गाडीतली बाई रडत होती. बाबांना राहवलं नाही.” तो प्लास्टरवरून बोट फिरवत राहिला. “दाव्याचं काय व्हायचं ते होवो. पण त्या दिवसापासून बाबांनी किल्लीला हात लावलेला नाही. जन्मभर बस चालवलीय त्यांनी. तिकडे माझी बहीण असते. तिला मुलगी झाली, तिलाच बघायला निघालो होतो… अजून बघितलेली नाही. मी नेतो म्हटलं तर गाडीत बसतसुद्धा नाहीत. म्हणतात, माझ्यावर आता भरवसा ठेवू नका.”

मी दोन्ही गाड्या त्याच्याकडे सरकवल्या. “सांगा. कुठून सुरुवात झाली?”

त्यानं एक गाडी उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

“आज नको,” म्हणाला.

मग तो येतच राहिला. एकदा परवान्याची प्रत द्यायला, एकदा प्रत नीट दिसते का विचारायला. एकदा तर छत्री विसरलो म्हणून आला, आणि छत्री त्याच्या हातातच होती! आल्या आल्या माझ्या नाकावर घसरलेला चष्मा बघायचा. शेवटी एक दिवस हात पुढे करून म्हणाला, “द्या इकडे.” एका हातानं, दातांनी स्क्रूड्रायव्हर धरून त्यानं काडी घट्ट केली. माझ्या कानामागे त्याची बोटं क्षणभर टेकली आणि मला समोरच्या फाईलमधलं एक अक्षर कळेना.

“चहा घेऊ या? खाली?” तो म्हणाला.

“फाईल उघडी असताना दावेदाराबरोबर चहासुद्धा नाही. नियम आहे.”

“आणि फाईल बंद झाल्यावर मी कोणत्या तोंडानं येऊ?”

“त्याच. दुसरं आहे का?”

तो हसत गेला. पण त्याच्या प्रश्नानं माझा पिच्छा सोडला नाही. खोटं कशाला बोलू… ती फाईल इतक्यात बंद होऊ नये असं मला वाटायला लागलं होतं. आणि अशा वाटण्याची लाजही वाटत होती, कारण तिकडे एक म्हातारा माणूस नातीला न बघता घरात बसला होता. मी तिकडच्या कंपनीच्या पाठी लागले. दोन्ही गाड्यांचे फोटो पाठवा म्हटलं. कबुली हातात आल्यावर फोटो बघायची तसदी कुणी घेतलीच नव्हती.

फोटो आले तशी मी त्याला सांगितलं, “बाबांना घेऊन या.”

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. मी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. पुढे लोखंडी कपाट. “हा ट्रक. बाबा, तुम्ही उजवीकडे.” मग मुलाकडे वळले. “तुम्ही डावीकडे.”

आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडे गाड्या चालतात रस्त्याच्या उजव्या अंगानं. म्हणजे पुढे ट्रक असला की ड्रायव्हरला त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. डावीकडे बसलेल्यानं वाकून बघायचं आणि सांगायचं. तिकडे जाणारे सगळे असंच करतात.

बाबा बसले आणि त्यांचे हात आपोआप वर आले, हवेत स्टिअरिंग धरून.

“चूक माझी,” बाबा म्हणाले. “दिसत नव्हतं तरी मी गाडी काढली.”

“दिसत नव्हतं म्हणूनच मला विचारलंत ना!” तो एकदम उसळला. “मी म्हणालो, मोकळं आहे, जा. आणि…” त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. “आणि लगेच फोन बघायला लागलो. ताईनं बाळाचा फोटो पाठवला होता. तेवढ्यात… मला काही दिसलंच नाही. चूक माझी आहे, बाबा. इतके दिवस सांगायची हिंमत झाली नाही.”

बाबांनी हवेतले हात हळूच मांडीवर ठेवले.

“कसा होता फोटो?” त्यांनी विचारलं.

“…नाक तुमच्यावर गेलंय.”

“अरेरे,” बाबा म्हणाले, आणि डोळे पुसत हसले.

माझ्या टेबलाशी आजवर दोष दुसऱ्यावर ढकलणारेच आले होते. आपल्याकडे ओढून घ्यायला भांडणारे हे पहिलेच. मला त्या दोघांनाही मिठी मारावीशी वाटली, आणि त्यातल्या एकाला जरा जास्त वेळ.

“झालं भांडून?” मी घसा साफ केला. “जा म्हणालात तेव्हा रस्त्यावर काय होतं?”

“काही नाही. लांबपर्यंत रिकामा. डाव्या हाताला फक्त एक पेट्रोल पंप.”

मी त्यांच्यापुढे फोटो ठेवला. “तो माणूस म्हणतो, मी समोरून सरळ येत होतो. सरळ आला असता तर त्याच्या गाडीचं नाक चेपलं असतं. नाकाला साधा ओरखडा नाही. चेपलाय तो दरवाजा. म्हणजे गाडी आडवी होती. तो पंपातून न बघता बाहेर आला. तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं. आणि बाबा, तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात, तेही बरोबर होतं.”

तो फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्या नजरेत आज मस्करी नव्हती.

तिकडच्या कंपनीनं आढेवेढे घेतले, पण दरवाजा काही त्यांना सरळ करता आला नाही. फाईल बंद झाली. मी शिक्का मारला आणि उगाचच रडू आलं. संध्याकाळी जिन्यात तो उभा होता, प्लास्टर निघालेलं.

“तेच तोंड घेऊन आलोय,” म्हणाला.

त्यानंतर पुष्कळ चहा झाले. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंसुद्धा नाही. पण मनातलं काही तो बोलेना, आणि मी का बोलू आधी? मग एक दिवस बाबांचा निरोप आला. “नातीकडे जायचं म्हणतोय. ती खुर्च्यावाली मुलगी मागे बसणार असेल, तर मी चालवीन.”

सीमा ओलांडली आणि थोड्याच वेळात पुढे ट्रक आला. बाबांचा वेग मंदावला. काचेवर बारीक पाऊस, वायपरची ये-जा. तो वाकून बघत होता, पण शब्द फुटत नव्हता. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं पुन्हा बघितलं. नीट, लांबवर.

“मोकळं आहे, बाबा. जा.”

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. गाडी सुर्रकन पुढे गेली. ट्रक मागे पडला, आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो.

हसता हसता खांद्यावरच्या माझ्या हातावर आलेला त्याचा हात मात्र तसाच राहिला. तो अर्धवट मागे वळला. “ऐक ना… एक विचारायचं होतं…”

“विचार की.”

“इथं नको. बाबा आहेत…”

बाबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “अरे, मी बघतोय ना,” ते म्हणाले. “समोरून कुणी येत नाहीये. मोकळं आहे, जा!”

त्यानं विचारलं. आणि मी, अपघाताच्या जागी काही कबूल करू नका म्हणून जगाला बजावणारी बाई, सगळं कबूल करून बसले.