डावीकडच्या आरशातला माणूस

बसा. ती खुर्ची घ्या, दुसरीचा पाय मोडका आहे. कंदील मधे ठेवते म्हणजे तोंडं दिसतील. वाळवंट म्हणून फसू नका. ॲरिझोनात सूर्य टेकला की हाडं काकडतात. कॉफी ओतून घ्या.

तुम्ही दोघं नुकतेच निवृत्त झालात, घर विकून मोटरहोम घेतलंत आणि पहिल्याच मुक्कामी शेजारणीला चार व्यवहाराच्या गोष्टी विचारायला आलात, हे बरं केलंत. चाकांवरच्या संसारात मला चौदा वर्षं झाली. कढई एकच ठेवा. भांडण झालं तर एकाने बाहेर फिरायला जावं, कारण आत दुसरी खोली नसते. घाणपाण्याची टाकी रिकामी करताना हातमोजे घाला आणि त्या वेळी एकमेकांशी बोलू नका. बाकी राहिली गाडी मागे घेण्याची विद्या. ती मात्र गोष्टीतूनच सांगावी लागेल, आणि मग झोप उडाली तर मला बोल लावायचा नाही.

माझा नवरा ऑर्लिन मिनेसोटातल्या एका लहानशा गावी पोस्टमास्तर होता. मी तिथल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर आम्ही ही बत्तीस फुटी गाडी घेतली. चालवायची मी, कारण स्टिअरिंग हातात आलं की ऑर्लिनला डुलकी यायची. म्हणून मागे उभं राहून हात दाखवायचं काम त्याच्याकडे. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इतकं वाईट दुसऱ्या कोणाला जमलंच नसतं.

चालवणारा डावीकडे बसतो, तेव्हा हात दाखवणाऱ्यानेही डावीकडच्या आरशात दिसेल असं उभं राहावं, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑर्लिन उजवीकडे उभा राहायचा, कारण शेजारी तिकडे असायचे आणि त्यांच्याशी गप्पा मारता यायच्या. एका हातात कॉफीचा मग. दुसऱ्या हाताने तो मला वळवायचा आणि त्याच हाताने डास मारायचा. यातलं माझ्यासाठी काय आणि डासांसाठी काय, ते मला कधी कळलं नाही. डावीकडे घे म्हणायचं असलं की तो हमखास उजवीकडे दाखवायचा. मी उलटं धरून चालायला शिकले, तर नेमकं त्याच दिवशी बरोबर दाखवायचा. आमची गाडी फाटकातून आत येताना दिसली की लोक खुर्च्या बाहेर काढून बसत. गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला इतके पोचे पडले होते की ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ऑर्लिन गेला. झोपेत, काही कुरकुर न करता. आमची मुलगी क्रिस्टा मला म्हणाली, बत्तीस फुटांचं हे धूड तू एकटी कशी हाकणार? तिने माझ्यासाठी म्हाताऱ्यांचं एक ठिकाणही बघून ठेवलं होतं, जिथे चारला बिंगो आणि पाचला जेवण. मी हट्टाला पेटले तेव्हा तिने कोपरा पत्रेवाल्याकडून नवा करून घेतला, मागे कॅमेरा बसवला आणि अट घातली.

"आई, एक ओरखडा जरी आला ना, तर किल्ली माझ्या हातात द्यायची. रडारड नाही, सबबी नाहीत."

मी कबूल झाले. पण घर आम्ही केव्हाच विकलेलं. गाडी गेली असती तर ऑर्लिनचा मग टांगायचा खिळासुद्धा माझा राहिला नसता. त्या उन्हाळ्यात मी गाडी अशी चालवली जशी काही आत अंडी ठेवली आहेत.

सप्टेंबरात मी सुपिरिअर सरोवराच्या उत्तर काठावरच्या एका लहान कॅम्पमध्ये गेले. कॅम्प सांभाळणारा गेलन नावाचा वयस्कर माणूस होता. मी एकटी आहे म्हटल्यावर त्याने एकतीस नंबरची जागा दिली. "तिथे सगळ्यांची गाडी पहिल्या झटक्यात लागते," एवढं तो म्हणाला, पण म्हणताना माझ्याकडे न बघता वहीत बघत होता.

जागा सुरेख होती. मागे दहा फूट गवत, मग एक मरतुकडी तार, आणि तारेपलीकडे कडा. खाली चाळीस फुटांवर खडक आणि पाणी. मी गाडी मागे घ्यायला लागले आणि डावीकडच्या आरशात मला एक माणूस दिसला. नारिंगी जाकीट, दोन्ही हातांत नारिंगी कांड्या. विमान जागेवर आणताना करतात तसे त्याचे हात हलत होते, स्वच्छ आणि ठाम. थोडं डावीकडे. सरळ. ये, ये... मग त्याने कांड्या डोक्यावर आडव्या धरल्या. थांब. गाडी अशी लागली होती, जणू दोरी लावून आखली आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र नुसतं गवत आणि लाकडी टेबल दिसत होतं. मी मनात म्हटलं, क्रिस्टाचे पैसे पाण्यात गेले.

आभार मानायला खाली उतरले तर कोणी नव्हतं. गवत ओलं होतं आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हवेत एक वास होता, रॉकेलसारखा, विमानतळावर येतो तसा.

त्या संध्याकाळी मी ऑर्लिनचा मग मांडीवर घेऊन बसले आणि पोटभर रडले. म्हटलं, आला ग बाई माझ्यासाठी. पण जेवताना डोकं ताळ्यावर आलं. ऑर्लिन? आणि एका झटक्यात? मेल्यावर माणूस सुधारतो म्हणतात, पण इतका सुधारत नाही. आणि तो डावीकडे कशाला उभा राहील? मग तो होता कोण, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

दुसऱ्या दिवशी दूध संपलं. या संसारातली ही गंमत लक्षात ठेवा: दूध आणायचं तर सगळं घर घेऊन जावं लागतं. कपबशा बांधा, खुर्च्या आत घ्या, आणि अर्ध्या गॅलन दुधासाठी बत्तीस फूट घेऊन गावात जा. मी परतले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि सरोवरावरून धुकं असं चढून आलं होतं की मला माझ्याच गाडीचं शेपूट दिसेना. कॅमेऱ्याचा पडदा पांढरा. लाटांचा आवाज खालून येतोय की बाजूने, तेही समजत नव्हतं.

मी काच खाली केली. रॉकेलचा वास आत आला.

डावीकडच्या आरशात तो उभा होता. धुक्यात बाकी सगळं पुसलं गेलं होतं, त्या दोन कांड्या तेवढ्या स्पष्ट. ये... ये... सरळ... मी ब्रेकवरचा पाय हलका केला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. कोणीतरी काम जाणणारं आहे, आपण फक्त ऐकायचं. चाकं गवतावर आली. ये... ये... तो मागे मागे सरकत होता आणि मी त्याच्यामागून. कांड्या आडव्या होण्याची मी वाट बघत होते. त्या होत नव्हत्या.

सवय मोठी वाईट. इतकी वर्षं मी गाडी मागे घेताना आधी उजवीकडे बघितलेलं. तसंच बघितलं.

उजवीकडच्या आरशात, खालच्या कोपऱ्यात, जेमतेम दिसेल न दिसेल असा एक हात होता. हातात मग. मगातून वाफ निघत होती. आणि दुसरा हात हवेत फडफडत होता, कधी असा, कधी तसा. त्या थंडीत एकही डास नव्हता.

"ऑर्लिन, मेल्या," माझ्या तोंडून गेलं, "एकदा तरी नीट दाखव..."

तो डावीकडे दाखवत होता की उजवीकडे, देव जाणे. माझ्या हातांनी मला न विचारता स्टिअरिंग गरकन फिरवलं आणि गाडीचा मागचा उजवा कोपरा पाण्याच्या नळाच्या खांबावर धाडकन आदळला. गाडी थांबली. माझा ओरखडा, माझी अट, माझं घर, सगळं त्या एका आवाजात गेलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

मग खाली उतरले. तार मोडून पडली होती. मागचं डावं चाक कड्याच्या धारेपासून वीतभर अलीकडे होतं. ज्या ठिकाणी तो नारिंगी जाकीटवाला शेवटचा उभा दिसला, तिथे जमीनच नव्हती. आणि नळाच्या खांबाच्या डोक्यावर मगाच्या बुडाएवढा एक ओला गोल होता. मी बोट लावून बघितलं. कोमट होता.

आवाज ऐकून गेलन धावत आला. चाक बघून तो एकेक सांगायला लागला. एमेट म्हणून एक निवृत्त माणूस दरवर्षी एकतीस नंबरला यायचा आणि थंडी पडली की दक्षिणेला वाळवंटाकडे निघायचा. आयुष्यभर त्याने विमानतळावर विमानं जागेवर लावली होती. दुसऱ्याची गाडी वाकडी लागलेली त्याला बघवायची नाही; दिसेल त्याला मदत करायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच धुक्यात एका नवख्याला हात दाखवत तो उलट्या पावलांनी मागे मागे गेला. नजर सगळी गाडीवर. मागे बघायचं राहून गेलं.

"माणूस वाईट नव्हता हो," गेलन हळूच म्हणाला. "मला वाटतं, आपण पडलोय हे त्याला अजून कळलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी क्रिस्टा आली. मी किल्ली काढून टेबलावर ठेवली होती. सबबी सांगायच्या नाहीत असं ठरलं होतं. तिने आधी गवतावरचे चाकांचे वळ बघितले आणि ते कुठपर्यंत गेलेत तेही बघितलं. मग मागे जाऊन नव्या कोऱ्या कोपऱ्यातला पोचा तिने बोटांनी चाचपला.

"हे तर बाबांचं काम दिसतंय," ती म्हणाली. आणि येऊन तिने किल्ली माझ्या मुठीत दिली.

तो पोचा मी अजून काढलेला नाही. ऑर्लिन मात्र पुन्हा दिसला नाही. दर वेळी गाडी मागे घेताना मी आधी उजवीकडे बघते, उगाच वेळ लावते. कोणी नसतं. लाज कशाची सांगायला, मला रडू येतं. डावीकडेही कोणी नसायचं, म्हणून तेवढी निश्चिंत होते.

आज दुपारी तुम्ही आलात, तेव्हा मी रीतीप्रमाणे खुर्ची बाहेर काढून बसले होते. नवखी माणसं, चाळीस फुटी गाडी. म्हटलं, करमणूक होईल. आणि तुम्ही तर एका झटक्यात लावलीत. मी टाळी वाजवणार होते, इतक्यात मला तुमची पुढची काच दिसली. तुम्ही दोघंही आतच बसलेले होतात.

कोणीतरी भला माणूस मागे हात दाखवत होता, हेच सांगणार होतात ना मघाशी? मला वाटलंच. तेव्हा माझा सल्ला एवढाच. उद्या पाणी भरून परत याल तेव्हा दोघांपैकी एकाने खाली उतरायचं. हात वेडेवाकडे दाखवलेत तरी चालेल, पण दाखवायचे आपल्याच माणसाने. तुमच्या जागेमागे कोरड्या ओढ्याचा कडा आहे.

निघालात? कॉफी तरी संपवा. आणि मघापासून तुम्ही नाक वर करून या कंदिलाकडे बघताय, म्हणून सांगते. तो बॅटरीवर चालतो. रॉकेलचा वास त्याचा नाही.