बिनवासाचा चहा

बेटेगावच्या वळणावर वर्षाराणीची स्कूटी पंक्चर झाली. "वेळ लागेल, ताई," असं म्हणत पंक्चरवाल्याने शेजारच्या चहाच्या मांडवाकडे बोट दाखवलं.

मांडवात सुपांतून पानं-फुलं वाळत पडली होती. प्रणव नावाच्या उंच, सावळ्या तरुणाने तिच्यासमोर चिनी मातीच्या बरण्या मांडल्या.

"आमच्याच वाडीतला पाला हाय. वास घ्या. आवडेल त्याचा चहा करतो."

तिने एक बरणी नाकाशी नेली, डोळे मिटले. "अहाहा... हाच करा!"

प्रणव गालात हसला. "ती रिकामी हाय. आताच धुतली."

तिचे कान तापले. ती उठलीच असती, पण त्याने चेष्टा केली नाही. कोडं पडल्यासारखा नुसता बघत राहिला... आणि कुणालाही न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. तापातून उठल्यापासून तिला कशाचाच वास येत नव्हता. बोईसरच्या साबणाच्या कारखान्यात तर तिचं कामच वास तपासायचं! साहेबांना कळलं, तर नोकरी संपली. मग परत बार्शी, आईच्या घरी.

"मग नाक राहू दे," प्रणव म्हणाला. "जीभ काय सांगते ते बघू."

पुदिन्याचा घोट घेऊन ती थबकली. "थंड... घराची सगळी दारं उघडल्यासारखं." आलं-तुळशीने घशाला चिमटा काढला. गोकर्णाच्या फुलांच्या निळ्याशार चहात त्याने लिंबू पिळलं, तसा तो जांभळा झाला.

"परत करा ना!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा मांडवात.

"आज पंक्चर नाय?"

"आज तहान."

मग ती येतच राहिली. काय उकळायचं, काय नुसतं मुरवायचं, सगळं तिला जाणून घ्यायचं असे.

"जास्वंद उकळायची नाय. गरम पाण्यात सोडून गप बसायचं. फुलांना घाई चालत नाय."

"आणि माणसांना?"

प्रणवने घाईघाईने चहा गाळायला घेतला आणि अर्धा कपाबाहेर सांडला.

एका रविवारी तिने बरण्यांकडे पाहिलंही नाही. त्याने गवती चहा उकळत ठेवला आणि समोर येऊन बसला.

"साहेबांना खरं सांगून टाकलं," ती म्हणाली. "बरं वाटेपर्यंत पॅकिंगला जा म्हणाले. आई म्हणते, सोड ते सगळं, घरी ये."

"मग... जाणार तुमी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला—" तो अडखळला. "रविवारी सकाळपासून मी रस्त्याकडंच बघत असतो. गिऱ्हाईक हाका मारतं, मला ऐकूच येत नाय. जाऊ नका, वर्षाराणी. मला तुमी आवडता."

ती काही बोलायला गेली. मग तिच्या नाकपुड्या थरथरल्या.

"काहीतरी... जळतंय?"

दोघं चुलीकडे धावले. पाणी आटून गवती चहा पातेल्याला पार करपला होता. प्रणव ठसकत मागे सरला, पण वर्षाराणी त्या धुरावर वाकून भरभरून श्वास घेत होती. डोळ्यांतून पाणी, ओठांवर हसू.

"प्रणव, वास येतोय! मला वास येतोय!"

तोही हसला, मग हळूच म्हणाला, "मी काय विचारलं, त्याचं राहिलंच..."

तिने पर्समधून मोबाइल काढला. "आईला सांगते, येत नाही म्हणून."

"आणि कारण विचारलं तर?"

वर्षाराणीने काळ्याठिक्कर पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सांगेन, इथे एकजण आहे. चहा करपवतो... पण मला फार आवडतो."