मूठ आवळा

ही घटना आमच्या घरात घडली आहे. मी तिथे होतो. यात पदरचं काही घातलेलं नाही.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ.

आमच्या भंगाराच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. वहिनी तिथे प्लास्टिक निवडत बसली होती. शेजारी पाळण्यात तिचं तान्हं बाळ.

दादाने एका दवाखान्याच्या सफाईवाल्याकडून लाल पिशव्या आणल्या होत्या. असा माल बाहेर यायलाच नको. आत सलाईनच्या नळ्या, सिरिंज. काहींना सुया तशाच.

एक वहिनीच्या अंगठ्यात घुसली.

मी म्हणालो, डॉक्टरकडे चल. ती हसली.

"भावजी, मला टोचून सुईच वाकली असेल."

अंगठा नळाखाली धरला, बाळाला पाजलं आणि पुन्हा पिशवीत हात घातला.

तेवढ्यात… स्पिरिटचा वास आला.

शेडमध्ये स्पिरिट नव्हतं.

वहिनीने डावा कोपर चोळला. म्हणाली, कुणीतरी ओला कापूस फिरवतंय.

आणि मग… पिशव्यांमागून बाईचा आवाज आला. ड्युटी संपत आल्यावर येतो तसा, थकलेला.

"मूठ आवळा."

मी पिशव्या बाजूला ओढल्या. मागे नुसता पत्रा.

वळून पाहिलं, तर वहिनीची डावी मूठ घट्ट मिटलेली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "उघडत नाहीये."

काही वेळाने मूठ आपोआप सुटली. कोपराच्या आतल्या बाजूला रक्ताचा ताजा थेंब होता.

सुई तर अंगठ्याला टोचली होती.

तसंच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आम्हाला फैलावर घेतलं. अशा सुईतून कावीळ, एड्स, काहीही होऊ शकतं. गोळ्या सुरू केल्या, अंगावरचं दूध तूर्त बंद करायला सांगितलं.

"मघाशीच पाजलंय हो," वहिनी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली.

आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आहेत. शेवटचा यायचाय. दादाने पिशव्या परत केल्या, शेड धुऊन काढली.

पण दिवे लागले की पाळण्यापाशी तो वास येतो…

बाळाची मूठ आवळलेली असते.

तान्ह्या मुलांची असतेच, असं सगळे सांगतात. मीही तेच सांगतो.

वहिनी बाळाची मूठ हातात घेते. एकेक बोट सोडवते. मग बाळाचा चिमुकला हात दिव्याखाली धरते आणि कोपराची आतली बाजू निरखत राहते.