केंद्र सरकारच्या दारात कोंबडा

"ए सई, पकड! पलंगाखाली गेला!"

"मी नाही! तो चोच मारतो!"

वाणगाव स्टेशनमागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सकाळी सकाळी नुसता गोंधळ उडाला होता. दाराच्या कडीला कोणीतरी कोंबडा बांधून गेलं होतं. देवेशने मोठ्या उत्साहाने दोरी सोडली आणि कोंबड्याने त्याहून मोठ्या उत्साहाने घरात धाव घेतली.

देवेश आणि सईचे बाबा, म्हणजे स्टेशनमास्तर विष्णू सामंत, अर्धवट दाढीचा फेस घेऊन बाहेर आले. "परवा भोपळा, काल काकड्या, आज कोंबडा! अरे, मी स्टेशनमास्तर आहे की गावदेव? कोण ठेवतंय हे?"

"चांगलं आहे की! उद्या बकरा येईल!" देवेश म्हणाला.

"उद्या माझी चौकशी येईल!" बाबा ओरडले. "सरकारी नोकराच्या दारात हे असलं काही चालत नाही. ज्याचं आहे त्याला परत द्या. सुट्टी लागलीय ना? मग लावा शोध!"

हे सांगायचीच खोटी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शोध लावायला मिळणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत आंब्याच्या झाडाखाली घर मिळण्यासारखं! सई नुकतीच सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, देवेश आठवीत जाणार होता. तिसरी हवी होती लाडकी.

लाडकी आली ती मात्र तोंड पाडून. तिचा पाडा रानशेतच्या बाजूला होता. आई वाणगावच्या बाजारात भाजी विकायला बसे आणि तेवढ्या वेळात लाडकी या दोघांबरोबर स्टेशनच्या मैदानात खो-खो खेळे. खेळे म्हणजे काय, सगळ्यांना धूळ चारत असे! म्हणून तर डहाणूच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. जिल्ह्याचा संघ तिथूनच निवडणार होते.

"मी शिबिराला जात नाय," ती म्हणाली.

"काय? वेडी झालीस का?" देवेश जवळजवळ किंचाळला. "तीन तारखेला सुरू होतंय!"

"पाड्याचा हापसा बंद हाय. पाइपच गंजलेत. आईचा पाय मुरगाळलाय, ती कशीबशी बाजाराला येते. नदीवरून पाणी मीच आणते, सकाळ-संध्याकाळ. बाबा म्हणतो, तू गेलीस तर पाणी कोण आणणार?" लाडकीचे डोळे भरून आले. तिने ते फ्रॉकच्या बाहीला पुसले आणि दुसरीकडे बघू लागली. सईला फार वाईट वाटलं. 

तेवढ्यात देवेशने दोघींना खाली ओढलं. "शूऽऽ! दाराशी कोणीतरी आहे!"

तिघं अंगणातल्या पाण्याच्या पिंपाआड दबली. एक काटकुळा म्हातारा इकडेतिकडे बघत दाराशी आला. टोपलीतले चिकू त्याने एकेक करून पायरीवर मांडले आणि दाराला चक्क हात जोडले.

"पकडला!" देवेशने उडी मारली.

"अगं बाय!" म्हातारा दचकून खालीच बसला.

"हा तर आमचा झिपरू आजा!" लाडकी ओरडली. "आजा, तू हिते काय करतोस?"

"काय करू पोरी? हापसा सोडवायला आलो." झिपरू आजाने दाराकडे बोट दाखवलं. "बाळ्या मेंबर बोलला, आपला हापसा केंद्र सरकारकडे अडकलाय. आता केंद्र सरकार कुठं शोधायचं? दिल्ली तर लांब! मंग पाड्यातला लहान्या बोलला, रेल्वे केंद्राची असते. म्हणजे हा सायेबच केंद्राचा! पाड्यातून एकेक जण येतो, काय असेल ते ठेवतो. सायेब कामात असतात, बोलायला भीती वाटते."

देवेशला हसू आवरेना. पोट धरून तो जमिनीवर लोळायचाच बाकी होता. सई मात्र हसली नाही.

"दादा, हसतोस काय? रेल्वे केंद्राची हे त्यांचं बरोबरच आहे. तू सांग, हापसा कोणाचा?"

"हापसा? तो... राज्य सरकारचा असेल!"

"तहसीलदारांचा," बाबांनी आतून सांगितलं.

"कलेक्टरचा असतो गं," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

तिघांची तीन उत्तरं! आणि हे शिकलेलं घर बरं का! सई आत गेली आणि सहावीचं नागरिकशास्त्र घेऊन आली.

"त्यात काय असणार?" देवेश म्हणाला. "ते तर इतिहासाच्या मागे शेपटासारखं चिकटवलेलं असतं. आमचे सर ते परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकतात."

"म्हणूनच तुला माहीत नाही! ऐक. गावात पाण्याची सोय करणं हे ग्रामपंचायतीचं काम. म्हणजे दिल्लीला जायला नको, डहाणूलाही नको. पंचायतीत जायचं!"

झिपरू आजाला कोंबडा आणि चिकू परत देऊन तिघं तडक टमटममध्ये बसली. पंचायतीत ग्रामसेविका कविता मॅडम होत्या. हापशाची गोष्ट ऐकून त्या खुर्चीतून उठल्याच.

"बंद आहे? अरे, पण मला कोणी सांगितलंच नाही! माझ्याकडे तीन गावं. पाड्यावरून तक्रार नाही म्हणजे पाणी येत असणार, असं मी धरून चालले. चुकलंच माझं." त्यांनी लगेच हापशांची वही काढली. "नुसता वॉशर गेला असता तर आजच माणूस धाडला असता. पण नवे पाइप घ्यायचे म्हणजे तो खर्च ग्रामसभेनं मंजूर करायला हवा."

"ग्रामसभा कधी आहे?" सईने विचारलं.

"उद्या. एक मे. पण होईल तर शपथ! शंभर माणसं लागतात, जमतात पंधरा. मग तहकूब! पाड्यावरचं तर कोणीच येत नाही."

"सभा मोठ्या माणसांची असते ना?" लाडकी म्हणाली. "आमचे लोक म्हणतात, तिथं खुर्च्याच थोड्या. आपण कुठं बसायचं?"

"अगं, ज्याचं मत, त्याची सभा! जमिनीवर बसला तरी त्याचीच!"

लाडकी विचारात पडली. मग तिने कपाळावर हात मारला. "पण उद्या तर माझ्या लाहूदादाचं लगीन! सगळा पाडा वरातीत असणार!"

बाळ्या मेंबर पाड्यावर लग्नाचा मांडव घालत होता. पाड्याने निवडून दिलेला पंचायतीचा सदस्य तो. माणूस दिलदार. कुणाचं लग्न असो की बारसं, बाळ्या पहिला हजर! मुलांनी त्याला खांबाशीच गाठलं.

"मेंबर, उद्या ग्रामसभेत हापशाचं बोला ना!" सई म्हणाली.

"बघतो, बघतो! आधी लगीन होऊ दे! ए पांड्या, दोरी ताण!" असं म्हणत तो भरभर शिडीवर चढला आणि खाली उतरायचं नावच घेईना.

"मेंबर सभेला येत नाही, वऱ्हाड सभेला येत नाही," देवेश वैतागून म्हणाला.

"मंग सभेलाच वरात नेऊ!" लाडकी एकदम म्हणाली. दोघं तिच्याकडे बघतच राहिली. तिने पटापट बेत सांगितला आणि तिघांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या अंगणात झेंडावंदन झालं आणि सभा सुरू व्हायची वेळ झाली. सई मोजत होती. सतरा माणसं! त्यातले दोघे पेंगत होते. कविता मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आणखी थोडा वेळ थांबते. मग तहकूब."

तिकडे वरात नदीच्या रस्त्याने निघाली होती. पुढे टेम्पोवर बेंजो पार्टी, मागे काळा गॉगल आणि बाशिंग लावलेला लाहू, आणि त्याच्या मागेपुढे सगळा पाडा नाचत होता. दोन रस्ते फुटतात तिथे देवेश सायकल आडवी लावून उभा होता आणि लाडकी टेम्पोच्या शेजारून वाऱ्यासारखी धावत होती.

"काका! पंचायतीवरून घ्या! तिथं मोठं अंगण हाय! इथं धुळीत काय नाचणार?"

बेंजोवाल्यांना अंगण म्हटलं की अंगात येतं! टेम्पो वळला, वरात वळली आणि सगळ्यांत पुढे दोन्ही हात वर करून नाचणारा बाळ्या मेंबर नाचत नाचतच आपल्या स्वतःच्या ग्रामसभेत शिरला!

सईने टेम्पोवर चढून बेंजोवाल्याला हात जोडले. वाजवणं थांबलं. बाळ्या तसाच हात वर करून उभा.

"या, या!" कविता मॅडम धावत पुढे आल्या. "बसा सगळे! ही तुमचीच सभा!"

"माझा मुहूर्त!" नवरदेव कळवळला.

"लाहू, तूही मतदार आहेस! थोडाच वेळ लागेल. बस!"

नवरदेव बाशिंगासकट सतरंजीवर बसला. मग काय, वऱ्हाडही बसलं. शंभराच्या वर माणसं! पेंगणारे दोघे टक्क जागे झाले.

"आता अध्यक्ष निवडायचा," मॅडम म्हणाल्या. "आपल्या आदिवासी भागात पेसा कायदा आहे, ग्रामसभेला जास्त हक्क देणारा. सभेचा अध्यक्ष सरपंच नाही, मेंबर नाही, बसलेल्यांतलाच कोणीतरी."

"झिपरू आजा!" लाडकी ओरडली, मग जीभ चावली. तिला कुठे मत होतं! पण नवरदेवाने तेच नाव घेतलं आणि सगळ्यांनी हात वर केले.

झिपरू आजा खुर्चीत अगदी कडेवर बसला. घसा खाकरून म्हणाला, "मी अध्यक्ष, तर मीच इचारतो. आमचा हापसा केंद्राकडे अडकलाय, तो कधी सुटंल?"

"आजोबा, तो केंद्राकडे गेलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या. " पैसे केंद्राकडून येतात, ते पंचायतीत केव्हाच आलेत. हापसा पंचायतीचा, आणि पाड्याची तक्रार पंचायतीत आणायचं काम तुमच्या सदस्याचं. बाळ्याभाऊंचं."

सगळ्या माना बाळ्याकडे वळल्या.

"माझं?" बाळ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मला तर तलासरीला एक जण बोलला, पैसे केंद्राचे. मला वाटलं, मंग कामपण केंद्राचंच! अरे देवा! मग मी स्टेशनमास्तरला भोपळा कशाला दिला?"

"म्हणजे भोपळा तुमचा?" देवेश ओरडला.

अंगणात हशा पिकला. बाळ्या शरमून खाली बघू लागला. झिपरू आजाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हसू नका. आपण ह्याला निवडला, हार घातला. पण तुझं काम काय, हे आपण कधी इचारलं? अर्धी चूक आपली हाय."

बाळ्या उठून उभा राहिला. "आजा, पाइप मी खांद्यावर आणीन!"

पाइपांचा ठराव एकमताने पास झाला आणि वरात पुन्हा वाजतगाजत निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलेलं पंचायत समितीचं दुरुस्ती पथक नवे पाइप घेऊन आलं. रस्त्यापासून हापशापर्यंत पाइप खरोखरच बाळ्याने वाहिले. दुपारी हापसा खडखडला, खाकरला, आणि भदाभद पाणी आलं! लाडकीने सवयीने हंडा उचलला, तर बाबाने, सुकऱ्याने, तो तिच्या हातातून काढून घेतला.

"ठेव. दाराशीच तर हाय आता. मी भरीन. तू बॅग भर."

लाडकीने बाबाला घट्ट मिठी मारली.

तीन तारखेला सकाळी डहाणूला जाणाऱ्या लाडकीला निरोप द्यायला सगळा पाडा रस्त्यावर आला. स्टेशनमास्तरही आले होते. "मुलांनो, मला इतकी वर्षं सरकारी नोकरी करून जे सांगता आलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत. शाब्बास!" त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "आणि सई, ते पुस्तक वाचून झालं की मला दे."

टमटम सुटली. पहिल्याच खड्ड्यात ती अशी आदळली की आतून लाडकीची किंकाळी आणि मागोमाग तिचं हसू ऐकू आलं.

झिपरू आजा कमरेवर हात ठेवून त्या खड्ड्याकडे बघत राहिला. "सई पोरी, हा रस्ता कोणाचा गं? पंचायतीचा की जिल्हा परिषदेचा?"

सईने तोंड उघडलं, तोच बाळ्या मेंबर पुढे धावला.

"सांगू नको! सांगू नको! मी शोधून काढतो!" आणि त्याने मोटरसायकलला किक मारली.