कावळ्याची साक्ष

रोह्याहून आलेली एस.टी. पेणच्या स्टँडवर रिकामी झाली. पोपट सगळ्यांच्या मागून उतरला आणि आधी समोरच्या दुकानात जाऊन त्याने आईसाठी मिश्रीची पुडी घेतली. दुकानदाराने पुडी बांधून दिली. मागच्या गिऱ्हाइकाने घाईघाईत बरगडीत कोपर मारलं. आता कोपर खाऊन कुणाला आनंद होतो का? पण पोपटला झाला. दुखलं, म्हणजे आपण आहोत, असं त्याने स्वतःला सांगितलं.

माणसावर अशी पाळी का यावी, तेही ऐका. पोपट हा पेणजवळच्या जित्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. भात झोडून झालं की धरमतरला जायचा आणि गलबतावर काम धरायचा. एके वर्षी वादळात गलबत बुडालं. बाकीचे गेले, आणि याला परमुलखाच्या जहाजाने उचललं, तिकडच्या किनाऱ्यावर कोठडीत टाकलं. तिथून ना पत्र, ना निरोप. इकडे गावाने वर्षानुवर्षं वाट पाहिली. प्रेत काही मिळालं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून तो जाळला, दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. संपला विषय. आपल्याकडे डॉक्टरने सांगितलेलं एकवेळ खोटं ठरेल, कावळ्याने सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पोपटने कुणालाच सांगितली नव्हती. पाण्यातून वर आल्यापासून त्याची भूक भागत नव्हती. कितीही जेवला तरी पोट रितंच.

सुटल्यावर तो तडक रोह्याला गेला. बायको, शकू, तिथे माहेरी राहत होती. लेक जनी रांगत होती तेव्हा त्याने पाहिलेली, आता परकर नेसत असेल. शकूने दार उघडलंच नाही. आतूनच बोलली.

"तुमचा पिंड शिवलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. घरात पोर हाय माझी. आत्याबाईंनी तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं, तर जनीला घेऊन मी येईन. नायतर... परत या दाराशी येऊ नका."

दाराच्या फटीतून एक लहानसा डोळा बघत होता. तोही पटकन मागे ओढला गेला.

म्हणजे सगळं आता आईच्या एका शब्दावर आलं होतं.

भर दुपारी तो घरी पोचला. आई, गिरजाबाई, अंगणात वाल पाखडत होती. सूप हातातून पडलं. ती धावत आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानामागचा लहानपणचा डाग चाचपला. "अंग ऊन हाय गो याचं," ती शेजारणींना सांगत सुटली. तोवर गाव गोळा झालं होतं.

गावात शब्द चालायचा हैबतरावाचा. माणूस वाईट नव्हता हो, भ्यालेला होता. त्याने गिरजाबाईला मागे ओढलं. पोपट मग एकेक खूण सांगू लागला. बैलाचं नाव सांगितलं, बाप कुठल्या खोलीत गेला ते सांगितलं, हैबतरावाच्याच विहिरीत आपण कळशी पाडली होती तेही सांगितलं. सगळं बरोबर. हैबतरावाने नुसता सुस्कारा सोडला.

"मेलेल्यालापण हे सगळं ठावं असतंच की रं."

जितकी खूण पटे, तितकी माणसं मागे सरकत. खोटा ठरला असता तर निदान भामटा म्हणून तरी जिवंत राहिला असता बिचारा.

अखेर ठरलं की ओढ्यावर पुन्हा पोपटच्या नावाने पिंड ठेवायचा. गेलेला असेल तर कावळा शिवेल. जिवंत असेल, तर शिवेलच कशाला? पोपटच आधी हो म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार, आणि हा तर एकदा बुडालेलाच.

पिंड ठेवला. पोपटला लांब उंबराखाली बसवलं. आईचं काळीज ते, तिने त्याच्यापुढेही पान मांडलं, भात आणि वालाचं बिरडं. किती वाळलास, म्हणाली.

झाडावर कावळे जमले. पिंडाकडे बघत, माना वाकड्या करत, पण एकही खाली येईना. ऊन कलायला लागलं. माणसांचे खांदे सैल पडले, कुणीतरी हसलं, हैबतरावाने विडी पेटवली. गिरजाबाई रडत रडत म्हणाली, "नाय शिवत... माझा पोपट हाय!" पोपटच्या मनात आलं, उद्याच्या गाडीने शकू येईल, जनी येईल. त्याने भाताचा घास उचलला.

तेवढ्यात एक कावळा उतरला. पिंडाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट येऊन पोपटच्या मनगटावर बसला.

पोपटने हात झटकला. कावळा उडाला नाही. दुसरा हात उगारला, तरी नाही. तिथे कुणी बसलेलंच नाही अशा निवांतपणे तो त्याच्या बोटांतला भात टिपू लागला.

कुणी ओरडलं नाही. एकेक जण उठला आणि मागे न बघता गावाकडे चालू लागला. शेवटी गिरजाबाई तेवढी उरली.

"आई..."

तिने पदर तोंडावर ओढला. मग हात जोडले, आणि पिंडापुढे बोलतात तशा सुरात, हळू, ती म्हणाली, "शकूची नि जनीची काळजी करू नको, बाळा. मी हाय. जा आता तू..."

कावळ्याने शेवटचं शीत उचललं आणि उडून गेला. आईही गेली. पोपटने बरगडीवर बोट दाबून पाहिलं. सकाळचं कोपर अजून ठणकत होतं. पानातलं बिरडं तसंच होतं, भाताचा एक कणही त्याच्या तोंडात गेला नव्हता.

आणि त्याला ढेकर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं पोट भरलं होतं.