दोन प्रश्नावल्या

माझी प्रश्नावली आणि त्याचं वेळापत्रक प्रिंटरमधून एकदमच बाहेर आलं. कागद अजून कोमट होते. तो हॉस्पिटलात नर्सच्या पाळ्या लावायचा आणि मी तिथल्या कर्मचाऱ्यांवर संशोधन करत होते. माझी पानं परत देताना म्हणाला, "मॅडम, तुमचा सातवा आणि सत्ताविसावा प्रश्न सख्खी भावंडं आहेत हो."

"एक कामाची ओढ मोजतो, दुसरा कामातलं समाधान."

"मला तर दोन्हींना एकच उत्तर द्यावंसं वाटतंय…"

आगाऊ कुठला! पण आकडे आले तेव्हा त्याचंच खरं निघालं. दोन्हींचे गुण जोडीनं चढत होते, जोडीनं उतरत होते. दोन नावं देऊन मी एकच गोष्ट मोजली होती. हे सांगायला त्याच्या टेबलाशी गेले… आणि मग जातच राहिले.

चार महिन्यांनी त्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. "महिनाभरात कळवायचंय. तू थांब म्हणालीस तर… थांबेन."

सरळ उत्तर द्यायचं सोडून मी काय करावं? दोन प्रश्नावल्या काढल्या – एक मैत्रीची, एक प्रेमाची – आणि महिनाभर रोज भरल्या. 'आज तो भेटला नाही म्हणून चुकल्यासारखं वाटलं का?' 'त्याच्याशेजारी बसल्यावर बोलायचं राहून गेलं का?' शेवटी आलेख काढला, तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या.

"वेगळं असं काही नाहीच," मी त्याला कागद दाखवला. "एकच गोष्ट आहे. मैत्री."

त्यानं दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. "एकच आहे, पटलं. पण ती मैत्रीच – हे कुठल्या आकड्यानं सांगितलं?"

"शंका असली की आम्ही संशोधक… लहान दावा करतो."

"बरं," म्हणाला, आणि माझ्या पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं. त्या महिन्याच्या अखेरीस तो गेला.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मित्राला कोणी रोज मोजत बसतं का?"

तिचं मला पटलं, पण पटायला दोन वर्षं लागली. दोन्ही प्रश्नावल्या मी अजून भरत होते आणि गुण काही उतरत नव्हते. एका सकाळी धीर करून फोन लावला. चुकले, एवढंच सांगायचं होतं.

फोन एका बाईनं उचलला. "ते अंघोळीला गेलेत. मी त्यांची बायको. कोण बोलतंय?"

"मी… मैत्रीण."